पी.टी.च्या तासाला कोणी बसून राहू नये : नव्या शिक्षकांसाठी

जूनमध्ये वेळापत्रक हातात पडतं आणि आपल्या नावापुढे सातवी ब, आठवी अ असे शारीरिक शिक्षणाचे तास दिसतात. काहींनी बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, केलेली असते. काही जण मुळात मराठीचे नाहीतर इतिहासाचे शिक्षक असतात आणि तासिका भरायच्या म्हणून हे तास त्यांच्याकडे आलेले असतात. काही जण अंशकालीन निदेशक म्हणून रुजू झालेले असतात. तिघांसमोर चित्र मात्र सारखंच असतं. ३५ मिनिटं, पन्नास-साठ मुलं, दोन फुटबॉल, त्यातल्या एकातली हवा गेलेली, आणि त्याच वेळी दुसराही वर्ग उतरलेलं मैदान.

अशा वेळी चेंडू मुलांच्या हवाली करून बाजूला उभं राहणं सगळ्यात सोपं. पंधरा मुलं खेळतात, मुली मैदानाच्या कडेने गप्पा मारत फिरतात, चार-पाच जण झाडाखाली बसतात, घंटा होते. कुणाला लागलं नाही, भांडण झालं नाही, की तास बरा गेला असं आपण म्हणतो. ज्यांना असं म्हणून मोकळं व्हायचं नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

तासाला आलेल्या प्रत्येक मुलाला दम लागला पाहिजे आणि प्रत्येकाला स्वतःच्या ताकदीपेक्षा जरा वरचं काहीतरी करायला मिळालं पाहिजे. हे 'जरा वरचं' प्रत्येकाचं वेगळं असतं. सगळ्या वर्गाला एकच उंची, एकच अंतर, एकच वेळ लावली, की दहा जणांना ते पोरकट वाटतं, दहा जणांना अशक्य वाटतं, आणि या दोन्ही टोकांची मुलं हळूहळू झाडाखाली जमायला लागतात. पुढच्या सगळ्या पायऱ्या एवढ्या एकाच गोष्टीसाठी आहेत.

पहिला आठवडा : घड्याळ लावून बघा

नवीन काही सुरू करण्याआधी शाळेत जे चालू आहे ते दोन-तीन तास तसंच चालू द्या. तेवढ्या वेळात एकच काम करा. खेळणाऱ्यांतलं नव्हे, मधलं कुठलंही एक मूल मनात धरा आणि ते प्रत्यक्ष किती वेळ हलतंय ते घड्याळावर मोजा. वर्गातून खाली येणं, रांग, हजेरी, सूचना, आपला नंबर येण्याची वाट पाहणं, पाणी, परत रांग, हे सगळं वजा करा. उरतं ते पाहून पुढचं काम किती आहे ते कळतं. तासाचा निदान निम्मा वेळ मुलांनी दम लागेल असं हलावं, हा शारीरिक शिक्षणात जगभर धरला जाणारा निकष आहे. आपल्याकडे म्हणजे सतरा-अठरा मिनिटं.

दम लागला की नाही हे ओळखायला यंत्र लागत नाही. मुलाला बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे हालचाल मध्यम. दोन-चार शब्दांपुढे वाक्य जात नाही, म्हणजे जोरकस. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं अशी मध्यम ते जोरकस हालचाल हवी. ट्यूशनहून ट्यूशनला जाणाऱ्या शहरातल्या मुलाला दिवसभरात ती फक्त तुमच्या तासाला मिळण्याची शक्यता असते, म्हणून या मिनिटांची किंमत मोठी आहे.

वेळ जातो कुठे, तर बहुतेक करून रांगेत. साधा हिशोब बघा. ५४ मुलं, ९-९ च्या सहा रांगा, एकेकाने धावत जाऊन परत यायचं, प्रत्येकाला २० सेकंद. एक फेरी तीन मिनिटांची. त्यात मूल २० सेकंद धावतं आणि १६० सेकंद पुढच्याच्या पाठीकडे बघत उभं राहतं. तेच तीन-तीनचे अठरा गट केले, तर २० सेकंद धावणं आणि ४० सेकंद थांबणं. तेवढी विसाव्याची गरज असतेच. मैदान तेच, मुलं तीच. फक्त रांग मोडली.

'बाद झाला की बाहेर' हे खेळही याच नजरेने तपासा. लंगडी, साखळी, डॉजबॉल यांत सगळ्यात आधी बाद होतं ते ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज आहे ते मूल, आणि बाकीचा डाव ते बसून बघतं. खेळ काढून टाकू नका, नियम बदला. बाद झालेल्याने कडेला पाच बैठका किंवा दहा दोरीउड्या मारून परत आत यायचं. किंवा बाजूला दुसरा डाव लावा आणि इथे बाद झालेला तिथे जाऊन खेळू दे.

मैदान आणि साहित्य

हे थोडक्यात सांगतो. पावसाने उघडीप दिली की फक्कीची (रेषा आखायच्या पांढऱ्या भुकटीची) एक पिशवी घ्या आणि मैदानाचे सहा-आठ चौकोन पाडा. एका चौकोनात एक गट. गट कुठे उभा राहील हे एकदा ठरलं, की तासाला पाच मिनिटं वाचतात. खडे वेचायला वर्गाला लावायला हरकत नाही, पण ते पहिल्या दिवशी, सगळ्यांनी मिळून आणि तुम्हीही सोबत.

दोन मुलांमागे एक वस्तू, हे गणित डोक्यात ठेवा. ५४ मुलांना २७ चेंडू कुठली शाळा देणार? म्हणून जुन्या मोज्यात चिंध्या कोंबून वरून सुतळी घट्ट गुंडाळलेले चेंडू करा. ते फार उसळत नाहीत, दूर पळत नाहीत, लागले तरी दुखत नाही, आणि झेलायला शिकणाऱ्या मुलाला नेमका असाच चेंडू हवा असतो. सायकलचे जुने टायर, वाळू भरलेल्या पाण्याच्या बाटल्या, बांबूच्या काठ्या, नारळाच्या काथ्याची दोरी, भिंतीवर खडूने काढलेली वर्तुळं, एवढ्यावर वर्ष निघतं. खऱ्या चेंडूंसाठी मुख्याध्यापकांकडे मागणी लावून धराच. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान आणि वर्गागणिक खेळाचं साहित्य या गोष्टी लिहिलेल्या आहेत. मागणी लेखी द्या.

तिरकी दोरी

या लेखातलं दुसरं काही वापरलं नाही तरी चालेल, पण हे करून बघा.

उंच उडीसाठी आपण दोरी आडवी धरतो, दोन्ही टोकं सारख्या उंचीवर. जो ओलांडतो तो पुढच्या फेरीला जातो, ज्याला जमत नाही तो बसतो. दोरी वर वर जाते तसे बसणारे वाढतात आणि शेवटी एकटा उड्या मारतो, पन्नास जण बघतात. मस्का मोस्टन या शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासकाने १९६०च्या दशकात एक साधा बदल सुचवला. दोरीचं एक टोक खाली ठेवा, दुसरं वर. दोरी तिरकी झाली. आता प्रत्येकाने आपल्याला जमेल त्या जागेवरून उडी मारायची. कुणी बाहेर जातच नाही.

आपल्या मैदानावर मी उंचीऐवजी लांबीत हे करायला सांगतो, कारण पडायची भीती कमी. फक्कीने दोन रेषा ओढा. एका टोकाला त्यांच्यात अर्ध्या मीटरचं अंतर, दुसऱ्या टोकाला अडीच मीटर. हा झाला ओढा. दहा-बारा मीटर लांबीच्या ओढ्यावर दहा मुलं एकाच वेळी उडी मारू शकतात. असे चार ओढे आखले की रांग उरत नाही. उडी सगळ्यांनी एकाच काठावरून मारायची आणि परत यायचं ते टोकाला वळसा घालून, म्हणजे टक्कर होत नाही. जमीन फार टणक असेल तर पलीकडच्या काठावर वाळू टाका नाहीतर माती भुसभुशीत करून घ्या.

पहिल्यांदा काय होतं ते नीट बघा. दंगेखोर पोरं थेट रुंद टोकाला जातात आणि पाण्यात पडतात. कडेला उभं राहायची सवय असलेल्या मुली अरुंद टोकाला जातात, इकडेतिकडे बघतात आणि जवळजवळ चालत पलीकडे जातात. या वेळी काही बोलू नका. 'शाब्बास' नको, 'अगं, एवढंच?' तर नकोच नको. दोन-तीन उड्यांनंतर एखादी मुलगी न सांगता एक पाऊल रुंद बाजूला सरकते. ओढणी कमरेला बांधते. थोडी मागून धावत येते, पाय रेषेच्या आधीच उचलते, काठावर पडते. परत मागे जाते. या वेळी कुणी तिला हसत नाही, कारण प्रत्येक जण स्वतःच्या जागेचा विचार करत असतो. दंगेखोर पोरंही निमूट एक-दोन पावलं अरुंद बाजूला आलेली असतात.

मग नियम सांगा. एका जागेवरून सलग तीन उड्या साधल्या, तर एक पाऊल रुंद बाजूला. सलग दोन चुकल्या, तर एक पाऊल अरुंद बाजूला. तुम्ही फिरत राहायचं आणि प्रत्येकाला एकच विचारायचं, "कुठून मारलीस? पुढची कुठून मारणार?" मुलाने उत्तर दिलं, की त्याचं आव्हान त्याने स्वतः ठरवलं. पाच-सहा मिनिटांनी थांबवा आणि शिकवायचं ते आता शिकवा. हात मागून पुढे झोकायचे, उतरताना गुडघे वाकवायचे. हे सुरुवातीलाच सांगितलं असतं तर कानावरून गेलं असतं. आता त्यांना ते हवं असतं, कारण प्रत्येकाला समोरची एक पाऊलभर जागा दिसत असते.

एकदा ही तिरकी दोरी डोक्यात बसली, की ती सगळीकडे लावता येते. नेमबाजीत भिंतीवर तीन आकारांची वर्तुळं काढा आणि तीन, पाच, सात मीटरवर रेषा आखा. वर्तुळ आणि रेषा मुलाने निवडायची. दंडांसाठी भिंतीला हात लावून, बाकावर हात टेकून, गुडघे टेकून आणि पूर्ण असे चार प्रकार द्या. सूर्यनमस्कारात सगळ्यांना बारा घालायला लावण्यापेक्षा दोन मिनिटांत प्रत्येक स्थिती नीट घेऊन किती होतात ते मुलाने मोजावं. लेझमीत ठेका सगळ्यांचा एक. ज्यांना पाय जुळत नाहीत त्यांनी जागेवर चार आवाज करायचे, ज्यांना जमतंय त्यांनी त्याच ठेक्यावर आगे फलांग घ्यायचं. हलगीला दोन्ही सारखेच.

फेकण्याबद्दल एक सांगून पुढे जातो. आठवीपर्यंत आलेल्या अनेक मुलींना, आणि बऱ्याच मुलांनाही, चेंडू फेकता येत नाही. उजव्या हाताने फेकताना उजवाच पाय पुढे येतो, छाती समोर राहते, आणि चेंडू चार हातांवर पडतो. आपण म्हणतो, तिच्यात ताकद नाही. ताकदीचा प्रश्न नसतो, तिला कुणी गल्लीत फेकू दिलेलं नसतं. उजव्या हाताने फेकायचं तर डावा पाय पुढे. दोन तास फक्त एवढंच सांगा. ते बसलं की अंग आडवं वळवा, म्हणजे डावा खांदा लक्ष्याकडे. मग कोपर खांद्याच्या रेषेत. एका वेळी एकच सूचना. तिन्ही एकदम सांगितल्या तर एकही टिकत नाही.

एक खेळ, सहा तास

आज कबड्डी, उद्या क्रिकेट, परवा रिले असं केलं की मुलांना मजा येते, पण शिकणं होत नाही. एक खेळ निवडा आणि पाच-सहा तास त्यातच राहा. नव्या शिक्षकाने खो-खोपासून सुरुवात करावी असं मला वाटतं. साहित्य जवळजवळ लागत नाही, नियम मुलांना ऐकून माहीत असतात, आणि खेळ आपल्या मातीतला आहे. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याचे नियम बांधायला सुरुवात केली. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, तेव्हा भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही संघांचं नेतृत्व महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे होतं, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. हे वर्गात सांगा. मुलींच्या चेहऱ्यावर फरक दिसतो.

पूर्ण खो-खो मात्र तासाला बसत नाही. आठ जण बसलेले, एक पाठलागावर, तीन पळतीचे, उरलेले चाळीस बाहेर. म्हणून छोटं मैदान करा. दोन खांबांच्या जागी वाळूच्या बाटल्या किंवा काठ्या, त्यांच्यात बारा-तेरा मीटर अंतर, मधली रेषा, त्यावर चार जण एकाआड एक तोंड करून बसलेले. पाचवा पाठलागाला, समोर तीन पळती, आणि दोघं पंच, एकाकडे घड्याळ आणि दुसऱ्याकडे वही. दहा जणांचं एक मैदान झालं. अशी पाच मैदानं आखली की ५४तले पन्नास जण कामाला लागतात. उरलेल्या चौघांना एकेका मैदानात पळतीला वाढवा. डाव दोन मिनिटांचा. मग भूमिका बदलायच्या, पंचांनीही.

पंचाचं काम वाया गेलेलं समजू नका. 'फाउल का दिलास?' याचं उत्तर द्यावं लागलेलं मूल पुढच्या डावात जास्त डोक्याने खेळतं.

पहिल्या तासाला फक्त खेळू द्या. दुसऱ्या तासापासून मध्येच शिट्टी मारून प्रश्न विचारा. १९८२ साली इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठातल्या बंकर आणि थॉर्प या दोघांनी हीच पद्धत मांडली. आधी खेळ समजू द्यायचा, मग त्या समजेला लागणारं कौशल्य शिकवायचं. खो-खोला ती चपखल बसते. पाठलाग करणाऱ्याला मधली रेषा ओलांडता येत नाही. एकदा दिशा धरली, की खांबापर्यंत माघारी वळता येत नाही. पळती करणाऱ्यावर यातलं कुठलंच बंधन नाही. मग मुलांना विचारा, "पळणाऱ्याने कुठे उभं राहावं म्हणजे पाठलाग करणाऱ्याची पंचाईत होईल?" थोडा वेळ गोंधळ होतो. मग कुणीतरी म्हणतं, "सर, दोघांच्या मधून पलीकडे!" झालं. आता बसलेल्यांच्या मधून घुसायची, म्हणजे हुलकावणीची आणि एकेरी साखळीची (एकेका बसलेल्याला वळसा घालत नागमोडी पळण्याची) गरज त्यांनीच शोधली. ती शिकवायला घ्या.

तिसऱ्या-चौथ्या तासाला प्रश्न पाठलागाच्या बाजूने फिरवा. "धावत राहावं की खो द्यावा?" दमलेला मुलगा हट्टाने धावत राहतो, कारण गडी त्याला स्वतःलाच बाद करायचा असतो. एक डाव असा खेळवा की कुणीही पाच पावलांच्या वर धावायचं नाही, खो द्यायचाच. गडी पटापट बाद होतात आणि मुलं आपोआप खो द्यायला शिकतात. बसलेल्यांनाही कळतं, की टाचा उचलून, एक पाय मागे, हात जमिनीला टेकवून तयार बसलं तर उठायला लागणारा वेळ वाचतो.

पाचव्या तासाला आव्हान वाटून द्या. एखाद्या मैदानावर पळतीचे गडी सहज टिकत असतील, तर त्यांचं मैदान अरुंद करा. दुसरीकडे कुणी दहा सेकंदही टिकत नसेल, तर बसलेल्यांची संख्या तीनवर आणा किंवा पळणाऱ्यांना दोन जीवदान द्या. सहाव्या तासाला सामने, पण गुण संघाने आधी ठरवलेल्या आकड्यावरून. 'मागच्या वेळी आमचे तिघं मिळून ५० सेकंद टिकले, आज ६०.' तो गाठला तर गुण. असं केलं की कच्चा संघही जिंकू शकतो आणि पक्क्या संघाला आरामात जिंकता येत नाही.

बाजूला बसणारी मुलं

ती आळशी असतात असं समजून सुरुवात करू नका. कारण विचारा, एकटं गाठून, आवाज खाली ठेवून.

बऱ्याचदा कारण आपणच दिलेलं असतं. दोन कप्तान पुढे बोलावून एकेक गडी निवडायला लावणं आजपासून बंद करा. शेवटी उरलेलं मूल ते वर्षानुवर्षं विसरत नाही. संघ तुम्ही पाडा, जन्ममहिन्यावरून, हजेरी क्रमांकावरून, कसेही. गृहपाठ केला नाही म्हणून मैदानाला फेऱ्या, उशीर झाला म्हणून उठाबशा, हेही बंद. ज्या धावण्याची गोडी लावायची तीच शिक्षा केली, तर मूल धावणार कशाला? शिवाय शिक्षण हक्क कायदा २००९च्या कलम १७ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे. दुसऱ्या विषयाचे सर शिक्षा म्हणून मुलांना मैदानात पाठवत असतील, तर त्यांच्याशीही शांतपणे बोला.

सातवी ते दहावीच्या मुलींसाठी तीन गोष्टी लगेच करता येतात. तासाच्या दिवशी सलवार किंवा ट्रॅक पँट घालून यायची परवानगी. स्कर्ट आवरत कुणी उडी मारत नाही. दुसरं, मैदानाचा मधला चांगला भाग कायम मुलग्यांकडे राहू नये, आठवड्याने अदलाबदल. तिसरं, पाळीच्या दिवसांत काय करायचं हे मुलीने स्वतः ठरवावं. शिक्षक पुरुष असेल तर शाळेतल्या एखाद्या बाईंच्या मदतीने खूण ठरवा. वहीत नावापुढे टिंब, म्हणजे आज हलकं काम, पुढे प्रश्न नाही. पाळीत खेळलं तर अपाय होतो ही समजूत मात्र खोटी आहे, हे बाईंकडून एकदा मोकळेपणाने सांगून घ्या. अनेकजणी मग खेळायला येतात.

दिव्यांग मूल वर्गात असेल तर त्याला हजेरी धरायला बसवू नका. चार गोष्टी बदलून बघा, जागा, काम, साहित्य आणि सोबती. कमी दिसणाऱ्या मुलासाठी चेंडू प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला किंवा त्यात घुंगरू शिवलं, की तो आवाजावर झेलायचा प्रयत्न करतो. चालायला त्रास असलेल्या मुलीसाठी खो-खोत एका खांबाजवळचा छोटा पट्टा तिचा. त्यातून पळणाऱ्याला तिने हात लावला तर तो बाद. लवकरच पळणारे तो पट्टा टाळायला लागतात, म्हणजे संघाला ती खरोखरच हवी असते. काय बदलायचं हे त्या मुलांनाच विचारा, त्यांना आपल्यापेक्षा जास्त सुचतं.

मोजायचं ते कालच्या स्वतःशी

खेलो इंडियाच्या शालेय चाचण्यांत ९ वर्षांवरच्या मुलांसाठी ५० मीटर धावणं, ६०० मीटर धावणं किंवा चालणं, बसून पुढे वाकणं, पोटाचे व्यायाम, दंड आणि उंची-वजन असतं. छोट्यांसाठी एका पायावर तोल सांभाळणं आणि थाळ्यांवर हात मारत राहणं. शाळेला या चाचण्या घ्याव्याच लागत असतील तर त्यांचा उपयोग करून घ्या. जुलैत एकदा, डिसेंबरात एकदा. निकाल भिंतीवर लावू नका. प्रत्येक मुलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्याचे आकडे त्यानेच लिहावेत आणि शेजारी पुढचा आकडा. वजन कोपऱ्यात, एकेकट्याचं घ्या, आकडा मोठ्याने म्हणू नका.

६०० मीटरमध्ये सगळे पहिला फेरा जिवाच्या आकांताने पळतात आणि दुसऱ्यात पोटाला हात लावून चालतात. चाचणीच्या आधी दोन तास फक्त वेग वाटून घ्यायला शिकवा. प्रत्येक फेरा सारख्याच सेकंदांत संपवायचा, हेच आव्हान. जो सगळ्यात सारखा पळला त्याचं नाव घ्या, मग तो शेवटी का आलेला असेना.

आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी लिहिताना 'खेळात आवड आहे', 'सहभाग चांगला' अशी वाक्यं सगळ्यांपुढे चिकटवली जातात. त्याऐवजी दिसलेलं लिहा. 'जुलैत ओढा एक मीटरवरून ओलांडत होती, सप्टेंबरात दीड मीटरवरून.' 'पळतीत मधून पलीकडे जाण्याची वेळ ओळखतो, पण खो वेळेत देत नाही.' अशा नोंदी रोज पाच मुलांच्या केल्या तर महिन्यात वर्ग पुरा होतो. पालकसभेत ही वही उघडा. पालक प्रथमच पी.टी.च्या शिक्षकासमोर थांबून बोलतात.

ऊन, पाऊस, पोट

वर्षाच्या सुरुवातीलाच पालकांकडून लिहून घ्या, दमा, फिट, हृदयाचा आजार, नुकतंच झालेलं ऑपरेशन. यादी तुमच्या खिशात हवी, कपाटात नव्हे. दम्याच्या मुलाचा पंप मैदानावर हवा. मधल्या सुट्टीतला पोषण आहार झाल्या झाल्या तास असेल तर जोराचं धावणं दुसऱ्या भागात घ्या. उलट, सकाळच्या शाळेत काही मुलं चहा-बिस्किटावर आलेली असतात. चक्कर येणाऱ्यांत ती आधी असतात. विचारून घ्या. मार्च-एप्रिलमध्ये दहानंतर उन्हात जोरकस काम नको, सावलीत तोल, नेमबाजी, सूर्यनमस्कार घ्या. पाण्यासाठी परवानगी मागायला लावू नका. छातीत दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय असं कुणी म्हटलं तर 'नाटकं करतोय' असं गृहीत धरायचं नाही. तिथेच थांबवायचं, बसवायचं, घरी कळवायचं.

पावसाळ्यात व्हरांडा आणि वर्ग एवढंच हाती असतं. बाक भिंतीला लावा. एका पायावर तोल, दोघांत मोज्याचा चेंडू न पाडता किती झेल, भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं टिकणं, लेझमीचे ठेके, यात ३५ मिनिटं घामाने जातात. सामान्य ज्ञानाचा तास करून टाकू नका.

तास हातचा जाऊ देऊ नका

दिवाळीनंतर गणिताचे किंवा इंग्रजीचे शिक्षक तास मागायला येतात, दहावीचा तर जानेवारीपासून गृहीतच धरतात. वाद घालून उपयोग नाही. तुमच्याकडे सहा आठवड्यांचं नियोजन कागदावर असेल, त्यात कुठल्या तासाला काय शिकायचं ते लिहिलेलं असेल, तर 'माझा चौथा तास राहतोय' असं म्हणता येतं. चेंडू सोडून देणाऱ्या शिक्षकाला तसं म्हणता येत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०मध्ये अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर अशी कडक भिंत नको असं स्पष्ट म्हटलंय. मुख्याध्यापकांशी बोलताना ते पुढे ठेवा. खेळाडूंना दहावी-बारावीला मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांचं कारण मात्र पुढे करू नका. ते संघातल्या मोजक्या मुलांचे असतात, आणि तुमचा तास सगळ्यांचा आहे.

तालुकास्तराच्या स्पर्धा हेही वेगळं काम आहे. १४, १७, १९ वर्षांखालचे संघ करा, ढाल आणा, पण सराव शाळेआधी किंवा नंतर. संघातले बारा जण तासाला मैदान अडवून बसले, की बाकीचे परत झाडाखाली. त्या बारा जणांना तासाला दुसरं काम द्या. एकेकाने एकेका मैदानावर पंच व्हावं, एखाद्या कच्च्या गड्याला हुलकावणी शिकवावी. चांगल्या खेळाडूला तेही सोपं जात नाही.

१५ जानेवारीला खाशाबा जाधवांच्या जन्मदिनी महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन असतो. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या पैलवानाने १९५२ला हेलसिंकीत कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या दिवशी हार आणि भाषण यांवर थांबू नका. सगळे वर्ग मैदानात उतरवा, वीस ओढे आखा, पालकांनाही उड्या मारायला लावा.

आणि रोजचं एक काम. तास संपल्यावर वर्गात परतण्याआधी दोन मिनिटं मैदानाच्या कडेला थांबून वहीत तीन ओळी लिहा. आज कोण बसून राहिलं, कुणाला काम फार सोपं गेलं, उद्या कुठली रेषा कुठे सरकवायची. दुसऱ्या दिवशी फक्की घेऊन उतरताना ती वही सोबत न्या.